धरतं का हे घर?

आमच्या बेलवलीत पूर्वी घर बांधायला गवंडी लागत नसे. डोंगरातून कारवी तोडून आणायची, तिचे कूड करायचे, दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायचे. चार मेढी पुरायच्या, वर आढं चढवायचं आणि त्यावर पेंढा, नाहीतर ऐपत असली तर कौलं. चार शेजारी आले की आठ दिवसांत घर उभं. पावसाळ्यात एखादा कूड भिजून खाली बसला तर बाबा म्हणायचे, "कूड पडला तं मानूस मरत नाय. उठतं, माती झटकतं नि हसतं."

बाबांना धरणीकंप माहीत होता. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हा इथं फळीवरची भांडी वाजली होती. आजी चुलीपुढं उठून बसली आणि म्हणाली, मांजर असेल. दुसऱ्या दिवशी कळलं की तिकडं शे-दीडशेच्या वर माणसं गेली. बाबा ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी भिंतीवर थाप मारायचे. कारवीचा कूड पोकळ वाजायचा. त्या आवाजावर त्यांचा फार भरवसा होता.

मोठा झालो तसा मला त्या आवाजाची लाज वाटायला लागली. रेल्वेच्या आजूबाजूला बिल्डिंगा उठत होत्या. कॉलेजातल्या मित्राला घरी आणायचं म्हणजे कुडाच्या घरात आणायचं. मला पक्की भिंत पाहिजे होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

१९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. आम्ही पोरं उल्हास नदीवर गणपती पोचवून मध्यरात्री घरी आलो आणि मेल्यासारखे झोपलो. तिकडं लातूर–उस्मानाबादकडची माणसंही तशीच दमून झोपली असणार. चारला चार-पाच मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. सकाळी रेडिओवर बातमी आली तेव्हा आकडा लहान होता. मग तो तासातासाला वाढत गेला. सरकारी मोजणी शेवटी आठ हजारांच्या घरात जाऊन थांबली.

पाच-सहा दिवसांनी गावातून एक ट्रक निघाला. त्यात मी होतो, बावीस वर्षांचा. घराघरातून तांदूळ, चादरी, पातेली, जुनी लुगडी गोळा केली होती. खोपोली, पुणे, सोलापूर, उमरगा असे गेलो. वाटेत पाऊस. तिथं पोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की त्या लोकांचं पोट ज्वारीच्या भाकरीवर, आणि आम्ही नेला होता तांदूळ. तरी त्यांनी तो घेतला, हात जोडून घेतला. देणाऱ्याला लाज वाटावी असं ते घेणं होतं.

गाव असं नव्हतंच. दगडांचे ढीग होते आणि त्यांच्यामधून लाकडी खांब वर आलेले होते. काही ठिकाणी अख्खा सांगाडा उभा, खांब, तुळया, सगळं जागच्या जागी. भिंती तेवढ्या खाली. पडलेल्या घरांचीच लाकडं चितेला लागली होती. एक म्हातारा ढिगावर बसला होता. आम्ही त्याला चादर दिली. त्यानं ती मांडीवर ठेवली आणि आम्हाला भिंत दाखवायला लागला. घरात कोण कोण गेलं ते नाही सांगितलं. भिंत दाखवली.

"अडीच हात जाड हाय बगा. आमच्या आज्यानं बांदलेली. चोर फोडू शकत नाय, ऊन शिरत नाय. गावात इच्यापेक्षा जाड भिंत पाटलाचीच."

ती भिंत मधून चिरलेली होती, फणस फोडावा तशी. बाहेरून एक दगडी तोंड, आतून एक दगडी तोंड, मधे माती नि कपच्यांचा भराव. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठंच नव्हता. जमीन हलल्यावर एक तोंड अंगणात गेलं, एक घरात. वर माळवद. दर वर्षी पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर द्यायचा म्हणजे गळत नाही. पिढ्या गेल्या, थर साठत गेले, आणि झोपलेल्या माणसांच्या अंगावर ती पिढ्यांची माती आली.

गावाबाहेर कुडाच्या, पत्र्याच्या खोपटांत राहणारी बरीचशी माणसं वाचली होती. ज्यांना दगडी वाडा बांधायची ऐपत नव्हती ती. म्हातारा तेही म्हणाला. रागानं नाही, नुसतं नवल वाटल्यासारखं. "ज्यांच्यापाशी काय नव्हतं, ते वाचले बगा."

मला बाबांच्या कुडाचा पोकळ आवाज आठवला.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये वाद झाला. कोणी म्हणालं देवाचा कोप, कोणी म्हणालं निसर्गापुढं माणसाचं काय चालतं. तेव्हा मला नीट मांडता आलं नाही, आज मांडतो. जमीन हलणं आपल्या हातात नाही. पण उघड्या शेतात उभ्या माणसाला हलणारी जमीन फार तर पाडते. मारते ती भिंत, आणि भिंत माणसानं बांधलेली असते. म्हणून भूकंपात दोन गोष्टी एकत्र येतात, एकीला कोणी जबाबदार नाही आणि दुसरीला कोणीतरी आहे. दोन्हींना मिळून 'निसर्ग' म्हटलं की दुसरी गोष्ट लपते.

मग त्या म्हाताऱ्याचा आजा गुन्हेगार का? नाही. त्याला माहीत नव्हतं. माहीत असणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हाच्या देशाच्या भूकंप नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, हलणार नाही, अशी समजूत. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यापासून, किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरले, काही जण बाहेर निजले. मग थंडी आली, पेरण्या आल्या, धक्क्यांची सवय झाली आणि माणसं आत गेली. त्यांना तरी कसं दोष देणार? भीतीत किती दिवस जगता येतं?

न कळता झालेल्या चुकीला आपण माफ करतो, आणि ते बरोबर आहे. अडचण सुरू होते ती कळल्यानंतर.

चार-पाच वर्षांनी मी एका लग्नाच्या निमित्तानं त्या बाजूला गेलो आणि वाट वाकडी करून नवीन वसलेली गावं पाहिली. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी बसवली होती. जागतिक बँकेचं कर्ज होतं, देशभरातल्या संस्था आल्या होत्या. काम मोठं, त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण गाव बघून कसंसंच झालं. रस्ते सरळ, रुंद, फूटपट्टीनं आखल्यासारखे. घरं जमिनीच्या हिशोबानं, भूमिहीन आणि थोड्या जमिनीवाल्याला अडीचशे चौरस फूट, त्यावरच्याला साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, पलीकडच्या घरात खोकला झाला तर अलीकडून "काढा दिऊ का?" असं विचारता यायचं. आता हाक मारायची तर रस्ता ओलांडायचा.

म्हातारा भेटला नाही. पण त्याच्यासारखा दुसरा भेटला. त्याला साडेचारशे फुटांचं घर मिळालं होतं. आत ज्वारीची पोती होती. तो स्वतः बाजूला पत्र्याचं शेड टाकून झोपत होता. स्लॅबखाली डोळा लागत नाही म्हणाला. "सरकारनं घर दिलं. झोप कुठनं देईल?"

जी गावं हलवली नाहीत, जिथं पडझड कमी होती, तिथं दुसराच प्रकार चालला होता आणि मला तो जास्त पटला. लोकांनी आपापली घरं स्वतः दुरुस्त करायची, सरकारनं हप्त्यानं पैसे द्यायचे. छपराची माती उतरवायची, भिंतीत भोकं पाडून सळी नि काँक्रीटचे आरपार दगड बसवायचे, दारं-खिडक्यांच्या वर घराला चहूबाजूंनी पट्टी द्यायची, पोत्याला दोरी बांधावी तशी. हे समजावून सांगायला गावातल्याच बायका नेमल्या होत्या, संवाद सहायक म्हणून. ज्यांना नवऱ्यापुढं बोलायची सवय नव्हती त्या आता गवंड्याला विचारत होत्या, पट्टीत सळ्या किती टाकल्या, दाखव. त्यातल्या काही पुढं २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्येही गेल्या, तिथल्या बायकांना सांगायला.

एका बाईनं मला पट्टीचं सगळं गणित समजावलं. मी मान डोलावत होतो. खरं तर मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

कारण तोवर मी माझं घर बांधून झालो होतो.

किल्लारीहून आल्यावर दोन वर्षांनी, १९९५ साली, बाबांच्या मागं लागून मी कूड पाडला आणि विटांचं घर बांधलं. खाली आम्ही, वर दोन खोल्या भाड्यानं द्यायला. पाया झाला, भिंती दारापर्यंत आल्या, तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, वरून पट्टी फिरवायची का? सळी, सिमेंट, सेंटरिंग धरून आकडा सांगितला. माझ्यापाशी तेवढे पैसे होते. पण तेवढ्यात वरच्या खोलीला लाद्या बसत होत्या, आणि लाद्या असल्या की भाडं जास्त. मिस्त्री म्हणाला, "आपल्याकडं कोण पट्टी टाकतं? कुठं काय होतंय?" मी म्हटलं, राहू दे.

ती चिरलेली भिंत मी या डोळ्यांनी पाहिली होती. म्हाताऱ्याच्या आज्याला जी सबब होती ती मला नव्हती. आणि आत कळत होतं म्हणूनच मिस्त्रीला ते वाक्य बोलू दिलं. आपल्याला हवं ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं की अर्धा भार त्याच्यावर टाकल्यासारखं वाटतं.

तेवीस वर्षं घर उभं राहिलं. २००५ च्या २६ जुलैला नदीचं पाणी चढलं, तेही सोसलं. भाड्यावर पोरीचं शिक्षण झालं. भूकंपाचा नकाशा मधे, २००२ साली, बदलला. सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच काढून टाकला. किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. आपला ठाणे जिल्हाही त्या नकाशात तिसऱ्याच पट्ट्यात होता. मी वर्तमानपत्रात वाचलं आणि पान उलटलं.

मग वरच्या खोलीत उमरग्याकडचं एक कुटुंब आलं. मुलगा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. सोबत बायको, दोन पोरं आणि आई. आईला आम्ही मावशी म्हणायला लागलो. त्या कधी आतल्या खोलीत झोपत नसत. उंबऱ्याशी अंथरूण, आणि दाराला कडी नाही. बायको मला म्हणाली, त्यांना दम लागतो वाटतं. मी काही बोललो नाही. मला ठाऊक होतं.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडं धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचं नाव रोज टीव्हीवर. लोक थंडीत तंबूत झोपताहेत, शाळा झाडाखाली भरताहेत. पालघर म्हणजे कालपरवापर्यंत आपलाच ठाणे जिल्हा. एका संध्याकाळी मावशी जिन्यावरून खाली आल्या. ओट्यावर टेकल्या. भिंतीवर हात ठेवून विचारलं, "मालक, धरतं का हो हे घर?"

मी म्हणालो, "धरतं की, मावशी."

इतकं सोपं खोटं मी आयुष्यात बोललो नसेन. त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. त्या रात्री त्यांचं अंथरूण उंबऱ्याशीच होतं.

मला झोप येईना. मी माझ्याशी भांडायला लागलो. भूकंप होईलच असं कुठं आहे? नाही. मग खोटं कशाला म्हणायचं, आशा म्हणू. पण मावशींनी भूकंप होईल का असं विचारलंच नव्हतं. त्यांनी घराबद्दल विचारलं होतं, आणि घराबद्दल जगात सर्वांत जास्त मलाच माहीत होतं. जमिनीच्या पोटातलं कोणालाच दिसत नाही. भिंतीच्या पोटातलं मात्र बांधणाऱ्याला दिसलेलं असतं. एकदा गिलावा झाला की तेवढंच एक माणूस जाणतं उरतं.

भावाला सांगितलं. तो म्हणाला, "आख्खं बदलापूर तसंच उभं हाय. तू यकटा काय करनार? नि पट्टी टाकलीस, भाडं वाढवलंस, तं हे लोक जातील कुठं? याच्यापेक्षा पडक्या घरात."

भावाचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. स्वस्त घर हेही गरिबाचं रक्षणच असतं. आपलं हे सगळं उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर कोणा ना कोणाच्या नाइलाजानं वसलेलं आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांना लष्करी बराकी मिळाल्या, १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर नाव पडलं, आणि आजही माणसं पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. ज्याचं गाव गेलं तो भिंतीत किती सळ्या आहेत ते विचारत नाही, छप्पर बघतो. नंतर घाईघाईनं, कमी मालात उठवलेल्या इमारतींचं पुढं काय झालं तेही पाहिलं. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. भूकंपाची वाटसुद्धा बघावी लागली नाही.

तेव्हा भावाच्या बोलण्यातून एवढं नक्की निघतं, की सुरक्षित घर हा एकट्यादुकट्याच्या चांगुलपणाचा विषय नाही. किल्लारीला सरकारनं पैसे दिले म्हणून बायका गवंड्याला जाब विचारू शकल्या. पण त्यातून हे निघत नाही की माझी भिंत मी तशीच ठेवावी. सगळ्यांची भिंत कच्ची असणं ही माझ्या भिंतीची पट्टी होऊ शकत नाही.

दोन दिवसांनी मी वर गेलो आणि मुलाला सगळं सांगितलं. पट्टी नाही, मला माहीत होतं, मावशींना मी खोटं बोललो. म्हटलं, तुम्हाला दुसरीकडं जायचं असेल तर डिपॉझिट आजच्या आज देतो. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "काका, भाडं वाढवू नका म्हणजे झालं."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की मी मोकळा. आता त्यानं ठरवावं. पण त्याच्यापाशी ठरवायला होतं काय? पगार तोच, लोकल तीच, पोरांची शाळा तीच. मी माझं ओझं उचलून अशा माणसाच्या डोक्यावर ठेवलं होतं, ज्याला ते खाली ठेवायला जागा नव्हती. खरं सांगणं गरजेचं होतंच. पण सांगितल्यानं कर्तव्य संपत नाही, कधी कधी तिथून सुरू होतं.

एका ओळखीच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं घर ठोकून, मोजून पाहिलं. मला वाटत होतं, वरचा मजलाच पाडावा, बाबांसारखं बैठं हलकं घर करावं. तो म्हणाला, पाडायची गरज नाही. दारांच्या वरून आणि चारी कोपऱ्यांना गिलावा खरवडून लोखंडी जाळी ठोकायची, दोन्ही बाजूंनी, आणि सिमेंटचा गिलावा मारायचा. गच्चीवरची पाण्याची मोठी टाकी खाली आणायची. खात्री देतो का, विचारलं. म्हणाला, "खात्री कोणी देत नसतं काका. पडलंच तर हळू पडेल, बाहेर पळायला वेळ मिळेल, एवढं बघायचं."

२०१९ च्या उन्हाळ्यात काम केलं. त्या वर्षाचं भाडं गेलं आणि बायकोच्या दोन बांगड्या. १९९५ साली पट्टीला जे पैसे लागले असते त्याच्या कितीतरी पट. भाडं वाढवलं नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. तेवीस वर्षांची थकबाकी होती.

आणि दोन महिन्यांत, २७ जुलैला, उल्हास नदी पुन्हा फुगली. त्याच दिवशी बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर माणसांसकट पाण्यात अडकली होती. आमच्या खालच्या घरात कमरेएवढं पाणी. आम्ही आणि शेजारची दोन घरं वरच्या दोन खोल्यांत बसलो. मावशींनी सगळ्यांना पिठलं करून घातलं. वरचा मजला पाडला असता तर आम्ही कुठं गेलो असतो, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

तेव्हापासून बाबांच्या कुडाची आठवण मी जरा जपूनच काढतो. भूकंप म्हणतो हलकं बांध, बैठं बांध. पूर म्हणतो उंच बांध. नव्या इमारती आता खाली नुसते खांब ठेवून गाडी लावायला जागा सोडतात. पाण्याला ते बरं, पण २००१ ला अहमदाबादेत तशाच खांबांवरच्या कितीतरी इमारती बसल्या होत्या. एकाच जमिनीची दोन मागणी, आणि दोन्ही खऱ्या. कोणतं एकदाच बांधून कायमचं निश्चिंत व्हावं असं घर नाहीच. कूड बाबांना दर वर्षी लिंपावा लागायचा. पक्की भिंत म्हणजे आता बघायला नको, असं मला वाटलं होतं. ती माझी पहिली चूक. पट्टी ही दुसरी.

पूर ओसरल्यावर मी मावशींना हाताला धरून घरभर फिरवलं. जाळी कुठून कुठं गेली, कोपरे कसे बांधले, टाकी कुठं आणली, सगळं दाखवलं. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी खोटं बोललो होतो. आता धरतं."

त्यांनी भिंतीवर थाप मारून पाहिली. बाबा मारायचे तशीच.

"धरंल," त्या म्हणाल्या. "पर माझं हातरून दाराशीच असू द्या."